खमैसच्या डावीकडची जागा

माणसाची नमाज मोडली की दोष सैतानाचा, असं आमचे इमाम सी बलहसन सांगतात; 'सी' म्हणजे इकडचं 'राव'. खमैसची नमाज मात्र मी मोडली. शाळेवर बदली होऊन या बेटावर येऊन मला जेमतेम नऊ दिवस झाले होते, त्यामुळे मला सैतान म्हणायला गाव अजून कचरत होतं, इतकंच.

झालं असं, की शुक्रवारी मशिदीत पोचायला मला उशीर झाला. पलीकडच्या सफाक्स शहराची माणसं घड्याळ गिळूनच जन्माला येतात अशी बेटावर समजूत आहे. मी सफाक्सचाच, पण आमच्या घरात ते घड्याळ थोरल्या भावाने गिळलं. मी आत शिरलो तेव्हा लोक उठून उभे राहत होते आणि सी बलहसन मागे वळून म्हणत होते, "ओळी सरळ करा. खांद्याला खांदा लावा."

यापुढे तिसरं वाक्य असतं. लहानपणापासून हजारदा ऐकलेलं. "मधला खलल बुजवा." शेजारच्या दोघांमध्ये फट ठेवायची नाही. ते वाक्य सी बलहसन गिळून गेले आणि त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, वय झालं, विसरले. आणि पाहतो तर खरोखरच पहिल्या ओळीत, एका रुंद पाठीच्या माणसाच्या डावीकडे, एक माणूस सहज मावेल एवढी जागा मोकळी. मागच्या तीन ओळी दाटीवाटीने उभ्या आणि नेमकी पुढे ही फट. आमचा धंदा मास्तरकीचा. फळ्यावर चुकलेलं अक्षर दिसलं की हात आपोआप पुसायला जातो. मी तिन्ही ओळींतून वाट काढत पुढे गेलो. मागून कुणीतरी माझा झगा धरून ओढला. मला वाटलं, कशाला तरी अडकला. मी तो सोडवून घेतला आणि त्या जागेत जाऊन उभा राहिलो, पायाला पाय लावून, अगदी शास्त्रशुद्ध.

नमाज सुरू झाली. उजवीकडचा खांदा थरथरायला लागला. म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजत असेल म्हणून मी आणखी जवळ सरकलो. थोड्या वेळाने तो खांदा तिथे नव्हता. खमैस अर्धी नमाज टाकून निघून गेला होता.

बाहेर येऊन पाहतो तर माझी एकच चप्पल जाग्यावर. दुसरीच्या ठिकाणी एक जाड, मिठाने पांढरी पडलेली, माझ्या दीड पायाएवढी चप्पल. बांग देणारा हमूदा पायऱ्यांवर बसला होता. हा हमूदा गावचा सुतारही आहे, त्यामुळे त्याला बोलताना दर वाक्याला काहीतरी ठोकायची सवय. त्याने पायरीवर बोटं ठोकली.

"बसा मास्तर. चप्पल कुठे जात नाही. कुणाच्या जागेवर उभे राहिलात, ठाऊक आहे?"

"जागा मोकळी होती."

"मोकळी कसली. शुक्रीची होती."

"पण तो आला नव्हता ना."

"नाही," हमूदा म्हणाला. "चार वर्षं आलेला नाही."

आता हा खमैस कोण, ते सांगायला हवं.

आमच्या बेटावर माणसाला बापाकडून समुद्र मिळतो. इथलं पाणी उथळ. ओहोटीला माणूस मैलभर आत चालत जाईल आणि त्याच्या मांड्याही धड भिजणार नाहीत. ज्याचा त्याचा समुद्राचा तुकडा ठरलेला, आणि त्यात जो तो खजुरीच्या झावळ्या रोवून लांबच लांब कुंपण घालतो. भरतीबरोबर किनाऱ्याकडे आलेला मासा ओहोटीला परत निघतो, कुंपणाला लागतो आणि त्याच्या कडेकडेने शहाण्यासारखा चालत चालत शेवटी पिंजऱ्यात जाऊन बसतो. बोय मासा तर फारच सरळमार्गी. पण एक झावळी जरी ढळली आणि हातभर फट पडली, तर त्याला ती बरोबर कळते. एक गेला की मागचे सगळे गेले.

त्या फटीला खलल म्हणतात. खमैस रोज ओहोटीला कुंपणाच्या कडेने चालायचा, एक हात झावळ्यांवरून फिरवत, आंधळा भिंत चाचपत जातो तसा. डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. पाण्यावरची चकाकी फसवते म्हणायचा. बोटांना फट लागली की तो थांबायचा, काखेतली झावळी काढायचा, रोवायचा, पायाने वाळू दाबायचा आणि पुढे चालू लागायचा. त्याच्या बापाने हेच केलं, आज्याने हेच केलं. तीन पिढ्या भोकं बुजवण्यात गेलेलं हे घर.

बाकी गावाने हा शब्द वाटेल तसा उधळला होता. सफाक्सहून येणारी फेरीबोट अडकली की इंजिनात खलल. बातम्यांच्या ऐन मध्यात टीव्हीवरचं चित्र गेलं की पाटी येते, 'तांत्रिक खलल'. वाण्याच्या पुतणीची ठरलेली सोयरीक मोडली तेव्हा तिच्या आईने सगळ्यांना सांगितलं, जरा खलल आला. आणि पुढे खमैसबद्दल बोलताना लोक कपाळावर बोट टेकवून म्हणायला लागले, "इथे खलल आहे." ते खमैसच्या कानावर जात नसेल असं नाही. पण त्याचा स्वतःचा खलल कुंपणातल्या त्या हातभर फटीपलीकडे कधी गेला नाही.

शुक्री हा त्याचा एकुलता एक. सात वर्षांचा झाला त्या दिवसापासून मशिदीत तो बापाच्या डावीकडे उभा राहू लागला, आणि त्याच वर्षी समुद्रातही. बाप झावळी रोवायचा, डावीकडून मुलगा पुढची हातात द्यायचा. बापाने मागायची गरज नाही, मुलाने बघायची गरज नाही. पोरगा हसरा होता. बापाच्या चालण्याची नक्कल करून अख्ख्या कॉफीच्या दुकानाला हसवायचा, आणि बाप मागून येऊन उभा राहिला तरी थांबायचा नाही. "बघा, बघा, हे असं," म्हणून बापाकडे बोट दाखवायचा आणि खरं-खोटं शेजारी ठेवून पटवून द्यायचा.

मग मोठ्या बोटी आल्या. तळ खरवडून नेणारी जाळी आली. खमैसच्या पिंजऱ्यात बोय कमी आणि प्लास्टिकच्या पिशव्या जास्त सापडू लागल्या. एके दिवशी झावळी पुढे करता करता शुक्री म्हणाला, "बा, मासा कुंपणाच्या कडेने चालतो म्हणूनच पिंजऱ्यात जातो."

"मग?" खमैस म्हणाला.

"मग काही नाही."

आठ दिवसांनी तो घरात नव्हता. समुद्रापार परदेशात चोरून माणसं नेणाऱ्या एका बोटीत तो बसला आणि त्याच्याबरोबर आसपासच्या गावांतले आणखी सहा जण. बोट पोचली नाही. तिघे समुद्राने परत दिले. चौघे दिले नाहीत, त्यांत शुक्री. बाकीच्या घरांत तीन दिवस लोक बसायला गेले, कुराण वाचलं गेलं, जवाचा कुसकुस शिजला. खमैसच्या दारी लोक आले तेव्हा तो दारातच उभा राहिला.

"कशासाठी आलात?"

एकाने सांत्वनाचे दोन शब्द काढले. "पोरगा गेलाय," खमैस म्हणाला. "गेलाय एवढंच ठाऊक आहे. मेला असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

लोक परत फिरले.

त्या शुक्रवारी तो पहिल्या ओळीत उभा राहिला आणि डावीकडे एक माणूसभर जागा सोडली. तिसरं वाक्य झालं. पलीकडचा वाणी बिचारा शास्त्राप्रमाणे उजवीकडे सरकला. खमैसही उजवीकडे सरकला. वाणी पुन्हा सरकला, खमैस पुन्हा सरकला, आणि असं करता करता ओळीच्या टोकाचे हाजी अम्मार भिंतीला असे चिकटले, की सजद्यात कपाळ टेकायला जागा नाही म्हणून त्यांना उभ्यानेच मान लववावी लागली. पुढच्या आठवड्यापासून वाण्याने सरकणं सोडलं. सी बलहसनांचं काम अवघड होतं. फट ठेवू नका, हे त्यांच्या घरचं सांगणं नव्हे, पैगंबरांचं. "ते वाक्य मला बदलता येत नाही," ते हमूदाला म्हणाले, "पण म्हाताऱ्या माणसाचा घसा बसू शकतो." तेव्हापासून तिसऱ्या वाक्याला त्यांचा घसा बसायचा.

हमूदाने आपल्या परीने एक तोड काढली. मध्ये खांब आला तर ओळ तुटलेली चालते. त्याने एका गुरुवारी सगळ्या चटया हातभर ओढून घेतल्या, म्हणजे खमैसच्या डावीकडे बरोबर खांब येईल. जागेची जागा राहील, शास्त्राचं शास्त्र राहील. सुताराच्या मानाने फारच नाजूक काम. खमैस आला, उभा राहिला, डावीकडे बघितलं. मग तो दोन पावलं उजवीकडे सरकला.

"का हो, काय झालं?" हमूदाने विचारलं.

"खांब माझा मुलगा आहे का?"

आणि चार वर्षं गावाने तळहातावर जपलेल्या त्या जागेत मी, सफाक्सचा शहाणा, जाऊन उभा राहिलो होतो.

ती विजोड चप्पल घेऊन मी त्याच्या घरी गेलो. अंगणात त्याची बायको महर्जिया दोरीवर पांढरंशुभ्र कापड वाळत घालत होती. नवंकोरं, घडीच्या रेघा अजून न गेलेलं.

"मास्तर ना तुम्ही? आत आहेत," ती म्हणाली. मी कापडाकडे बघतो आहे असं पाहून म्हणाली, "लग्नाचं आहे. वर्षातून एकदा ऊन दाखवावं लागतं, नाहीतर कसर लागते." कुणाच्या लग्नाचं ते तिने सांगितलं नाही. दोरीला चिमटा लावत पुढे म्हणाली, "समुद्रात कधी भोक पडलेलं पाहिलंत? हात बाहेर काढला की भरलं. अख्खा जन्म पाण्यात घालवून या माणसाला एवढं कळत नाही." आणि पुढची घडी तिने इतक्या हळुवार उलगडली, की मी दुसरीकडे बघितलं.

खमैस दारात आला. आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

"ही तुमची," तो म्हणाला.

"ही तुमची. सी खमैस, माफ करा. मला ठाऊक नव्हतं."

"नमाजेत बोलता येत नाही. नाहीतर तिथेच सांगितलं असतं." त्याने चप्पल घातली, बाहेर आला आणि पाण्याकडे बघितलं. "ओहोटी लागलीय. झावळ्या धरता येतात?"

शिक्षा म्हणा, माफी म्हणा. मी झगा कमरेला खोचून पाण्यात उतरलो. झावळ्यांची मोळी छातीशी धरून मी त्याच्या डावीकडे गेलो, तर तो थांबला.

"तिकडे नाही. उजवीकडून द्या."

उजवीकडून देणं म्हणजे त्याच्या रोवणाऱ्या हाताच्या खालून वाकून देणं. दर झावळीला माझं डोकं त्याच्या कोपराला लागायचं. तरी त्या दिवसापासून शाळा सुटली आणि ओहोटी असली की मी जाऊ लागलो, आणि नऊ वर्षं उजवीकडूनच देत आलो. मशिदीत मी शेवटच्या ओळीत उभा राहायचो. उशिरा येणाऱ्याची जागा तीच.

पहिल्या वर्षी मला बोलायची फार हौस. मी एकदा सुरुवात केली, "सी खमैस, खलल या शब्दाचा कोशात जो मूळ अर्थ दिलाय ना—"

"मास्तर, जिथून मासा जातो तो खलल. झावळी द्या."

दिली. पुढे कधीतरी, ओळख पुरेशी मुरली असं वाटून, मी विचारून बसलो, "इथे हातभर फट चालत नाही तुम्हाला. मग तिथे?" त्याच्या हातातली झावळी इतकी खोल गेली, की वर चार बोटंच उरली. ती उपटायला आम्हा दोघांना लागावं लागलं.

गेल्या जानेवारीत वारा सुटला. तीन दिवस फेरीबोट बंद. दुकानात ना भाजी ना यीस्ट, गावभर बिनफुगलेले पाव. चौथ्या दिवशी सकाळी खमैस कुंपणाचं काय झालं ते बघायला एकटाच गेला. मी शाळेत होतो.

कुंपण बरंच टिकलं होतं. बोटं फिरवत तो पार वळणापर्यंत गेला, जिथून मासा पिंजऱ्याकडे वळतो. तिथे काहीतरी काळं अडकलेलं होतं. पोतं असेल, त्याला वाटलं, वाऱ्यानंतर असतंच. आणखी जवळ गेल्यावर गुडघा दिसला.

तेरा वर्षांनी समुद्र माणूस परत देत नाही, हे खमैसइतकं कुणाला ठाऊक होतं? पण पायांना कुठे हिशेब येतो. ते तिथेच थांबले. तोंड पाण्यात होतं, पाठ वर होती, आणि ती पाठ रुंद होती. किती वेळ उभा राहिलो ते आठवत नाही, असं तो नंतर म्हणाला. पाणी गुडघ्यावरून घोट्यावर आलं होतं, म्हणजे बराच वेळ. मग त्याने वाकून तोंड वर केलं.

वाळवंटापलीकडचा पोरगा होता, तसल्याच कुठल्या बोटीतला. विशीचा, काळा, उंच. दंडाला चामड्याचा लहानसा ताईत. एका पायात बूट होता, दुसऱ्यात नव्हता.

त्याला काढायचं तर कुंपण मोडावं लागणार होतं. खमैसने हाताने एकेक झावळी उपटली. अकरा. तीन पिढ्यांत त्या घरातल्या कुणी स्वतःच्या हाताने कुंपणाला भोक पाडलं नव्हतं. मग पोराला पाठीवर घेऊन तो किनाऱ्यापर्यंत चालत आला. मागे त्या मोकळ्या जागेतून दिवसाचे मासे निघून गेले असतील. त्याने वळून पाहिलं नाही.

पोलीस आले, फोटो झाले, कागद झाले. प्रेत सफाक्सला न्यायला बोट नाही आणि बेटावर बर्फघर नाही, म्हणून फोनवरूनच पुरायची परवानगी आली. मग प्रश्न निघाला, हा कोणत्या धर्माचा. कुणी ताईताकडे बोट दाखवलं, कुणी मान हलवली. सी बलहसनांनी झग्याच्या बाह्या वर सारल्या.

"त्याला विचारता येत नाही," ते म्हणाले, "आणि त्याने आपल्याला काही विचारलेलं नाही. पाणी गरम करा."

कफनाला कापड नव्हतं. वाण्याकडे होतं ते पडद्याचं, फुलाफुलांचं. हा घोळ चालला असताना महर्जिया आली आणि काखेतला गठ्ठा तिने बाकावर ठेवला. हमूदाने ओळखला.

"अगं, हे तर लग्नाचं ना?"

"पांढरं आहे," ती म्हणाली.

कुणी हात लावेना. तिने स्वतःच गाठ सोडली, घडी मोडली, हाताने सुरकुती सारखी केली. "माझ्या पोरालाही कुठेतरी कुणीतरी असंच पेटीतून काढून दिलं असेल," ती म्हणाली. कुणाकडे बघून नाही. खमैस भिंतीशी उभा होता. त्याने ते ऐकलं, आणि पाण्याचं भांडं उचलायला पुढे गेला.

कबरस्तान समुद्राला लागूनच आहे. वारा अजून पडला नव्हता आणि बरेचसे लोक धक्क्यावर आपापल्या होड्या सांभाळत होते, म्हणून जनाज्याला चौदा-पंधरा माणसंच. तरी तीन ओळी करायच्या असं सी बलहसनांनी ठरवलं. ज्याच्यामागे रडायला कुणी नाही त्याला निदान ओळी तरी पुऱ्या मिळाव्यात. मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचलो. धापा टाकत सगळ्यांत मागे उभा राहिलो. पुढे खमैसची पाठ दिसत होती, आणि तिच्या डावीकडे ती जागा.

तो मागे वळला. "मास्तर."

त्याने हनुवटीने डावीकडे खुणावलं. मला वाटलं, चपला तिकडे काढा म्हणतोय. मी चपला काढू लागलो. तेव्हा तो दोन ओळी ओलांडून मागे आला आणि त्याने माझं मनगट धरलं. झावळ्या उपटून उपटून तळवा सोलून निघाला होता, आणि हात बर्फासारखा गार. त्याने मला पुढे नेलं, आपल्या डावीकडे उभं केलं आणि माझ्या पायाला पाय लावला.

सी बलहसन मागे वळले. "ओळी सरळ करा," ते म्हणाले. "खांद्याला खांदा लावा." मग ते थांबले. त्यांची नजर आमच्या दोघांवर गेली आणि तिथेच राहिली. वाऱ्याने त्यांचा झगा फडफडत होता. तेरा वर्षं बसलेला घसा त्यांनी दोनदा साफ केला.

"मधला खलल बुजवा."

माझ्या उजवीकडचा खांदा थरथरला नाही. मी वाट पाहत होतो, पण थरथरला नाही.

माती टाकून झाली. नावाची पाटी करायला हमूदाने फळी आणली होती, पण लिहायचं काय? खमैसने त्या अकरा झावळ्या खांद्यावर टाकून आणल्या होत्या. त्याने त्या उशाशी एकेक करून रोवल्या, जवळ जवळ, कुंपणात रोवतो तशा, आणि पायाने माती दाबली. मी डावीकडे होतो. झावळी पुढे करायच्या आधीच त्याचा हात तिच्यावर यायचा.

परतताना आम्ही दोघेच मागे राहिलो. चालत धक्क्यापर्यंत आलो. पाणी पुन्हा ओसरू लागलं होतं आणि लांबवर कुंपणातलं ते भोक दिसत होतं. तो तिकडेच बघत चालला होता. मी मास्तर माणूस, गप्प राहणं मला जमत नाही.

"सी खमैस, उद्या शुक्रवार," मी म्हणालो. "शुक्रीची जागा... म्हणजे, मी उभं कुठे राहायचं?"

तो थांबला. खाली वाकून माझ्या दोन्ही पायांत माझ्याच चपला आहेत ना, ते त्याने नीट पाहिलं.

"उद्या वेळेवर ये."